बादली वाचणारा माणूस

माझे जबलपूरचे घरमालक सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दुसऱ्यांचा कचरा हुंगायचे.

दीक्षितपुऱ्यातल्या त्या गल्लीत अकरा घरं त्यांना आपला ओला कचरा द्यायची. आठच्या आत त्यांच्या ओट्यावर बादल्यांची रांग लागे. काका एकेका बादलीवर वाकत, डोळे मिटून लांब श्वास घेत, बोटाने थोडं उकरून बघत आणि निकाल सांगत. "ह्यांच्याकडे पाहुणे आलेत, पपईची सालं बघ." "इथे सासू-सुनेचं वाजलं. दोघींनी वेगवेगळी भाजी केली." ऐकायला कोणी असलंच पाहिजे असं नव्हतं. मी वरच्या खोलीतून बँकेत जायला उतरत असलो तर मला सांगत, नाहीतर बादलीलाच.

"बाल्टी झूठ नहीं बोलती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावर मी पुष्कळ हसलो आहे. आता ते वाक्य आठवलं की हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं.

मी कोल्हापूरकडचा. बँकेत अधिकारी म्हणून लागलो आणि पहिलीच नेमणूक जबलपूरला झाली. ओमतीच्या आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याने सांगितलं की दीक्षितपुऱ्यात एक मराठी घर आहे, वरची खोली नेहमी रिकामी असते, कोणी टिकत नाही. का टिकत नाही ते पहिल्या भेटीतच कळलं. काकांनी माझं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही.

"स्वयंपाक स्वतः करता?"

"हो."

"अच्छा. मग सालं-देठं काय करता?"

"टाकून देतो."

त्यांनी आत वळून हाक मारली, "ऐकून राहिली का? फेकून देतो म्हणे!"

आतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. मोठं, मोकळं हसणं होतं ते. काकू तेव्हा अंगाने चांगल्या भरलेल्या होत्या.

काकांचे कोणी पूर्वज चाकरीच्या निमित्ताने नागपूरकडून इथे आले आणि घराणं इथलंच होऊन गेलं. काका सरकारी कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला होते, काकू मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. दोघंही निवृत्त. एकुलती एक मुलगी लग्न होऊन हैदराबादला. घरात मराठीच बोलत, पण बोलता बोलता हिंदी कधी शिरे ते कोणाच्या लक्षातही येत नसे. माझ्या 'चपाती'ला काकू हसायच्या आणि त्यांच्या 'काहून'ला मी.

मागच्या अंगणात विटांचे तीन हौद होते. विटांमध्ये मुद्दाम फटी ठेवलेल्या, वर पत्रा. पहिल्यात ताजा माल, दुसऱ्यात अर्धा झालेला, तिसऱ्यात तयार खत. कचरा हा शब्द त्या अंगणात चालत नसे. तो 'माल'. ओल्या मालाचा एक थर, त्यावर वाळलेल्या पाल्याचे दोन थर, मधूनच मूठभर जुनं खत विरजणासारखं. पाला ते पिंपळाखालून, शाळेच्या मैदानातून पोत्यांनी गोळा करून आणत. पावसाळ्यात पाला ओला होतो म्हणून कांचघरकडच्या एका लाकडाच्या दुकानातून भुसा सायकलवर लादून आणत. सायकलवर भुशाचं पोतं आणि मागून इस्त्रीच्या शर्टावर उडालेला भुसा, असे ते परत येताना दिसले की गल्लीतली मुलं वाट सोडत.

मला त्यांनी हे सगळं शिकवलं. मी शिकायला तयार आहे की नाही हे न विचारताच शिकवलं. मूठभर माल हातात देत आणि म्हणत, "दाब. बोटांना ओल लागली पाहिजे, थेंब नाही पडला पाहिजे." थेंब पडला तर भुसा घालायचा, ओल लागलीच नाही तर पाणी शिंपडायचं. मे महिन्यात त्या शहरातली हवा अंगाची सालं काढते, तेव्हा काका दिवसातून दोनदा हौदांवर ओली पोती टाकत. ढिगात एक लोखंडी सळई कायम खुपसलेली असायची. ती उपसून ते गालाला लावून बघत. "आज ह्याला चांगला ताप आहे," असं म्हणताना त्यांचा चेहरा उजळायचा. ढिगाला ते 'हा' म्हणत. हा आज सुस्त आहे. ह्याला आज उलथायला पाहिजे.

"कुजणं वेगळं आणि सडणं वेगळं, बाबू," ते मला म्हणायचे. "कुजतं ते श्वास घेऊन घेऊन. श्वास कोंडला की सडलं. वासावरून समजतं."

शिजलेलं अन्न मात्र त्या हौदात वर्ज्य होतं. ह्या हवेत तेला-मिठाचं अन्न पडलं की दोन दिवसांत अळ्या, आठ दिवसांत उंदीर. हा नियम त्यांनी अकराही घरांना पाठ करवला होता. एकदा एका बादलीत उपम्याचा घट्ट गोळा निघाला तर तो केळीच्या पानावर ठेवून त्या घरी परत नेऊन दिला होता, 'आपका सामान रह गया था' म्हणत.

त्यांच्या ह्या वाचनाने भांडणंही झाली. समोरच्या घरी नवी सून आली होती. एका सकाळी काकांनी त्यांची बादली बघितली, कैरीच्या कोयी आणि चिंचोके बघितले, आणि ओट्यावरूनच तिच्या सासूला ओरडून अभिनंदन केलं. सुनेने घरात अजून कोणाला सांगितलं नव्हतं. सासूला आधी आनंद झाला, मग शेजारच्या म्हाताऱ्याला आपल्या आधी कळलं ह्याचा राग आला. तीन दिवस त्या घराची बादली आली नाही. काकूंनी जाऊन समजूत काढली. "ह्यांचं मनावर घेऊ नका. ह्यांना माणसं कळत नाहीत, सालंच कळतात," असं त्या म्हणाल्या होत्या. मी सोबत होतो. सगळे हसले होते, मीसुद्धा.

तयार खत ते वाटून टाकत. द्यायच्या आधी ओंजळ नाकापाशी धरत आणि समोरच्याने मान हलवेपर्यंत खाली घेत नसत. काकूंच्या नाकापाशी ती ओंजळ वर्षानुवर्षं आलेली होती. त्या कणीक मळता मळता मान वळवून हुंगत आणि "छान," म्हणत. त्या घरात काका बोलायचे आणि काकू ऐकायच्या. काकांना आधी वाढायच्या, ते जेवून अंगणात गेले की मग स्वतःचं ताट घ्यायच्या. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, चाळीस वर्षांची सवय.

माझा दुसरा पावसाळा सुरू झाला होता. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी मी जिन्यात उभा होतो, खाली अंगणात काकू दिसल्या. त्यांच्या हातात ताट होतं. ताटात एक मोडलेली पोळी, वरणभात. त्यांनी हौदावरचा पाला बाजूला केला, ताट उपडं केलं, पुन्हा पाला नीट पसरला. वळल्या तर मी दिसलो.

"यांना सांगू नको बेटा," त्या म्हणाल्या. "उगाच बोलून राहतील."

"जेवला नाहीत काकू?"

"पित्त झालं आहे. जात नाही खाली. होईल बरं."

मी मान हलवली. मला गंमतच वाटली होती, हे कबूल केलं पाहिजे. अख्ख्या गल्लीला धाकात ठेवणाऱ्या माणसाच्या हौदात त्याचीच बायको चोरून वरणभात टाकते, ह्याची गंमत.

भाद्रपदात हौदात उंदीर आले. काकांनी दोन दिवस ढीग उपसला आणि तिसऱ्या सकाळी मला खाली बोलावलं. वर्तमानपत्रावर त्यांनी पुरावा मांडून ठेवला होता. पोळ्यांचे बुरशी धरलेले तुकडे, भाताची ढेकळं, त्यात वळवळणाऱ्या अळ्या.

"बाबू, हे काय आहे?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदर दोन्ही हातांत घट्ट धरलेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"चुकलो काका," मी म्हणालो. "उरल्या होत्या. टाकल्या."

काकांनी पोळीचा एक तुकडा उचलला, उलटापालटा केला. माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं. मला वाटलं आता बराच वेळ बोलणी खावी लागणार. पण ते फक्त "पुन्हा नको," म्हणाले आणि फावडं उचललं.

त्या दिवसापासून काकूंचं उरलेलं अन्न मी बाहेर नेऊ लागलो. त्यांनी सांगितलं नव्हतं, मीच सुचवलं. सकाळी त्या आदल्या दिवसाचं सगळं स्टीलच्या एका डब्यात घालून जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवत. मी तो बॅगेत टाकत असे आणि बँकेत जाताना ओमतीच्या वळणावर गाई उभ्या असत, त्यांच्यासमोर रिकामा करत असे. आपण एका बिचाऱ्या बाईला नवऱ्याच्या बोलण्यापासून वाचवतो आहोत, असं मला वाटायचं. बरंही वाटायचं. सुरुवातीला डब्यात अर्धी पोळी असे. दिवाळीच्या सुमारास दोन पोळ्या, भाजी, भात, सगळंच असायला लागलं. म्हणजे दिवसभराचं जेवण. मी ते रोज हातात धरत होतो. डबा जड झालेला मला कळत होता. काकूंच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या, ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. एकदा मी विचारलं, "काकू, डॉक्टरला दाखवलं का?" त्या म्हणाल्या, "दाखवलं ना. गोळ्या घेऊन राहिली." मी पुढे विचारलं नाही. बँकेला उशीर होत होता.

काकांनाही त्या बारीक झालेल्या दिसत होत्या. "बघ, म्हातारपणी फिगर करून राहिली," असं ते मला एकदा म्हणाले आणि स्वतःच हसले.

थंडी पडली की जबलपुरात मटार येतो. पोत्यांनी येतो. गल्लीत दुपारभर बायका उन्हात बसून मटार सोलतात आणि संध्याकाळी सालांचे ढीग होतात. काकांचा तो सणच. मटाराच्या सालांनी ढीग असा तापतो की सळईला हात लावता येत नाही. त्या दुपारी काका घरोघरची सालं टोपल्यांत भरून आणत होते आणि काकू ओट्यावर शेजारणींबरोबर सोलायला बसल्या होत्या. कोणीतरी त्यांना प्यायला पाणी दिलं. त्यांनी घोट घेतला आणि ते पाणी तसंच नाका-तोंडातून परत आलं. त्या खोकत खोकत एका कुशीवर कलंडल्या. रविवार होता, मी घरीच होतो. ऑटोत घालताना मी त्यांना उचललं. एका माणसाला उचलल्यासारखं वाटलंच नाही.

डॉक्टर तरुण होता. त्याने सगळं तपासलं, काकांना समोर बसवलं आणि गिळण्याबद्दल विचारलं, "माताजी को निगलने में तकलीफ़ कब से है?"

"तकलीफ़?" काका म्हणाले. "कोई तकलीफ़ नहीं. खाना तो ठीक खाती हैं."

डॉक्टरने काकूंकडे बघितलं. काकूंनी खाली बघितलं. मी म्हणालो, "बारिश से."

काकांनी माझ्याकडे वळून बघितलं. ते रागाने बघत असते तर बरं झालं असतं.

अन्ननलिकेत गाठ होती. बरीच वाढलेली. नागपूरला नेलं, मुलगी हैदराबादहून आली, नळीने अन्न घालायला सुरुवात झाली. आधी आणलं असतं तर, एवढंच तिथले डॉक्टर म्हणाले आणि वाक्य अर्धवट सोडलं. मी दोन दिवसांची रजा काढून भेटायला गेलो तेव्हा काकूंनी मला जवळ बसवलं. आवाज पार घोगरा झाला होता.

"तुझा काही दोष नाही बेटा. माझी आई ह्याच्यातच गेली. मला पहिल्याच दिवशी समजलं होतं काय आहे ते. मला दवाखाना नको होता. तेवढे महिने घरात राहून घेतलं."

"काकांना तरी सांगायचं होतं."

"सांगणार होती. रोज म्हणायची, आज सांगते. ते बोलायचं थांबले की मग सांगू, असं होता होता राहून गेलं."

होळीच्या आधी त्या गेल्या. त्यांना घरी आणलं होतं. नर्मदेवर, ग्वारीघाटाला मीही गेलो. काका रडले नाहीत. कोणी काही विचारलं तर "हो" म्हणत, एवढंच.

गल्लीतल्या बायका काही दिवस बादल्या आणत राहिल्या. त्या ओट्यावर तशाच पडून राहिल्या. मग एकेक करून त्या नगर निगमच्या गाडीत रिकाम्या व्हायला लागल्या. अंगणातला मटाराच्या सालांचा ढीग कोणी उलथला नाही. वरून दाबला गेला, आतून काळा पडला, आणि चैत्रात ऊन वाढलं तसा त्याचा वास गल्लीत पोचला. नाल्याचा वास. समोरच्या सासूबाईंनी मला हळूच विचारलं, भैया, कुछ हो सकता है क्या?

रविवारी सकाळी मी फावडं घेऊन हौदात उतरलो. भुसा घातला, दोन पोती पाला घातला, खालचा चिखल वर आणायला लागलो. काका मागच्या दारात येऊन उभे राहिले. शर्ट चुरगळलेला, गंध नाही. बराच वेळ बघत होते.

"राहू दे," ते म्हणाले.

"होईल काका. हवा लागली की पंधरा दिवसांत ठीक होईल."

"त्या पोळ्या तुझ्या नव्हत्या."

मी फावडं खाली ठेवलं. "नाही काका. मी तुम्हाला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. काकूंनी..."

"तू काय सांगणार? मला माहीत होतं." ते पायरीवर बसले. "तुझ्या चपात्या जाड असतात, कडा कच्च्या राहतात. त्या पातळ होत्या. चाळीस वर्षं खाल्ल्या मी त्या. हातात घेतल्याबरोबर समजलं कोणाच्या आहेत."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, मुद्दाम करून राहिली. माझ्या खताला विटली, म्हणून उंदीर लावून राहिली." त्यांनी दोन्ही तळवे समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. "तिच्यावर रागावलो होतो मी, बाबू. तिला काही विचारायचंच नाही असं ठरवलं होतं. तू असा खोटं बोलला म्हणून तुझ्यावर नाही, तिच्यावर. म्हणून तिच्याकडे नीट बघितलंच नाही. म्हणून समजलं नाही."

मला डब्याबद्दल सांगायचं होतं. ओमतीच्या गाईंबद्दल, डबा जड होत गेला त्याबद्दल. मी सांगितलं नाही. त्या क्षणी सांगितलं असतं तर थोडं ओझं माझ्याकडे आलं असतं, त्यांचं कमी झालं असतं. मी त्यांचं ओझं त्यांच्याकडेच राहू दिलं. उन्हाळ्यात माझी बदली इंदूरला झाली आणि मी निघालो.

दोन वर्षांनी ऑफिसच्या कामासाठी जबलपूरला जाणं झालं. दुपारी दीक्षितपुऱ्यात गेलो. हौद पाडून अंगणात सिमेंट केलेलं होतं. वरची खोली बंद. मुलीने हैदराबादला चला म्हणून खूप सांगितलं, पण काका गेले नव्हते. स्वयंपाकाला एक बाई ठेवली होती. काका खूप वाळले होते, पण मला बघून उठले, हात धरून आत नेलं आणि पहिली गोष्ट बाईला सांगितली, "इनका खाना लगाओ."

मी जेवून आलो होतो. ते ऐकेनात. माझ्यासमोर पाटावर बसले. वरण, भात, वांग्याची भाजी, पोळी. मी त्यांना डब्याची गोष्ट सांगायचीच असं ठरवून आलो होतो. वाक्यसुद्धा तयार होतं. मी पहिला घास घेतला. ते पुढे झुकले आणि माझ्या गळ्याकडे बघत राहिले.

"गेला खाली?"

"हो काका."

"अडकत नाही ना?"

"नाही."

"पाण्याशिवाय जातो?"

"जातो."

"मग घे, दुसरा घे."

दुसरा घास घेतला. त्यांनी तेच विचारलं. तिसऱ्यालाही विचारलं. स्वयंपाकाची बाई दारात उभी होती, ती मला हळूच म्हणाली, "सबसे पूछते हैं भैया. गैस वाले को भी पानी पिला के पूछते हैं." काकांनी ते ऐकलं नाही. त्यांचे डोळे माझ्या गळ्यावरून हलत नव्हते, आणि त्या डोळ्यांत एवढी भीती होती की मी माझं तयार वाक्य तसंच गिळलं. मग पोळी संपवली, भात संपवला, ताट पुसून घेतलं, आणि प्रत्येक घासाला त्यांना सांगत राहिलो, गेला काका, गेला.